सीलबंद पातेलं

सीलभाऊंचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, अक्का 'धाकट्या' म्हणायची आणि उरलेलं सगळं जग सीलभाऊ. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. वरून हुकूम आला की चामडी पिशवी खांद्याला लावायची, दिलेल्या पत्त्यावर जायचं, तिथलं दार, कपाट, खोकं, जे काय असेल ते सुतळीने बांधायचं, गाठीवर लाल लाख ओतायची आणि लाख थिजायच्या आत पितळी शिक्का दाबायचा. झालं. त्यानंतर ते दार कुणाला उघडता येत नसे. त्यांनी गोदामं बंद केली होती, एक थिएटर बंद केलं होतं, एक पियानो बंद केला होता. दोन भाऊ भांडत होते म्हणून एकदा विहीरसुद्धा बंद केली होती. विहिरीला झाकण नव्हतं. ते त्यांनी आधी सुताराकडून बेतून घेतलं आणि मग बंद केलं.

या कामाचा एक नियम होता आणि सीलभाऊ तो देवाच्या नावासारखा जपत. ज्याने सील लावलं त्याने ते उघडायचं नाही. उघडायचं ते साहेबांनी, लेखी हुकमाने, दोन साक्षीदारांसमोर. एकदा एका गोदामाला सील लावून ते रस्त्यावर आले, तेव्हा पाऊस लागला होता आणि त्यांची छत्री आत राहिली होती. लाख अजून ऊन होती, नखाने निघाली असती. सीलभाऊ अकरा दिवस भिजत ऑफिसला गेले. बाराव्या दिवशी हुकूम निघाला, छत्री रीतसर ताब्यात मिळाली, आणि त्या दिवसापासून पाऊस जो थांबला तो थांबलाच. दुसऱ्या एका वेळी बरोबरच्या कारकुनाचा जेवणाचा डबा आत राहिला. त्या कारकुनाने पुढे बदली मागून घेतली.

एकतीस वर्षांत स्वतःच्या हाताने सील फोडल्याचा एकही शेरा त्यांच्या सेवापुस्तकात नव्हता. ऑफिसच्या जिन्यात एक लाकडी फळा होता. ज्यांची नोकरी शेवटच्या दिवसापर्यंत बिनडाग झाली, त्यांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात लिहीत. फळ्यावर आजवर दोनच नावं होती. दोघेही वारले होते. तिसऱ्या नावाची जागा सीलभाऊ जाता-येता रोज बघत. अजून चौदा महिने काढायचे होते.

बायकोचा स्वभाव नेमका उलटा. तिला झाकलेलं म्हणून काही सोसत नसे. भात शिजताना चारदा बघणार, दूध तापताना सहादा. शेजारी बसायला गेली तरी बोलता बोलता ओट्याशी जाऊन पातेल्याचं झाकण उचलणार, "काय टाकलंयस गं आज?" भेटवस्तू आली की ती देणारा जिना उतरायच्या आत उघडलेली असायची. तरी त्यांचा संसार सुखाचा झाला, कारण सीलभाऊ स्वयंपाकघरात कधी जात नसत आणि ती त्यांच्या पिशवीला कधी हात लावत नसे. माणसाला आणखी काय हवं असतं?

पण सहा आठवड्यांपूर्वी अक्का घरी आली.

अक्का म्हणजे सीलभाऊंची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा सीलभाऊ पाच वर्षांचे होते. तेव्हापासून आई तीच. तिने जन्मभर एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री केली, दिवसाला दीडशे शर्ट, आणि घरी येऊन याच्या शाळेच्या सदऱ्याची एकशे एक्कावन्नावी इस्त्री. जिभेची तिखट, हाताची गरम. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला. त्यानंतर हळूहळू अक्काची भूकच गेली. रडणं नाही, कण्हणं नाही, नुसती भूक गेली. ताट समोर आलं की दोन घास खायची आणि म्हणायची, "पुरे. छान झालंय." छान झालंय म्हणत म्हणत ती साडेएकोणचाळीस किलोवर आली. खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिला सगळे सिस्टर म्हणत. ती रोज दुपारी वजनकाटा घेऊन वर यायची, अक्काला त्यावर उभी करायची आणि काट्याकडे बघून तोंड फिरवायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारपर्यंत असंच राहिलं तर हॉस्पिटलात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची.

"नळी?" अक्का म्हणाली. "मी काय स्टोव्ह आहे?"

पण ती घाबरली होती. सीलभाऊंना ते कळलं, कारण त्यानंतर तिने एकही टोमणा मारला नाही. ते देवासमोर बसले की हल्ली एकच मागायचे. तिला भूक दे, बाकीचं मी बघतो.

आणि शुक्रवारी संध्याकाळी अक्का आपणहून म्हणाली, "आई तो गोळेरस्सा करायची ना... तो असता तर खाल्ला असता दोन घास जास्त."

बायको आणि सीलभाऊ दोघेही एकदम तिच्या खाटेजवळ आले. कसा करायचा? काय काय घालायचं? अक्काने डोळे मिटून सांगितलं. लोण्यावर कांदा मऊ करायचा, लाल नाही करायचा. मग गाजर, बटाटा, सलगम, घेवडा, मूठभर जव, एक तमालपत्र, कुटलेली मिरी. पाणी भाज्यांच्या वर दोन बोटं. चांगला दाट होऊ द्यायचा. दुसरीकडे मैद्यात बेकिंग पावडर आणि मीठ घालून थंड लोणी बोटांनी चुरायचं, कोथिंबीर घालायची, दुधाने भिजवायचं. "मळायचं नाही बरं का. नुसतं एकत्र आणायचं. आणि त्याचे गोळे चमच्याने उकळत्या रश्श्यावर सोडायचे, झाकण ठेवायचं. वीस मिनिटं उघडायचं नाही. उघडलं की वाफ जाते आणि गोळे बसतात. एकदा बसले की बसले."

"नाही उघडत," बायको म्हणाली. आणि ती अगदी मनापासून म्हणाली होती.

शनिवारी तिने केला. चौथ्या मिनिटाला तिने नुसतं डोकावून बघितलं. डोकावल्याने काही बिघडलं तर नाही ना, हे बघायला सातव्या मिनिटाला परत उघडलं. नंतर जे ताटात आलं ते गोळे होते खरे, पण खडीचे. अक्काने चमच्याने दाबून बघितला तर गोळा ताटातून निसटला, जमिनीवर टणकन आपटला आणि कपाटाखाली गेला.

"राहू दे," अक्का म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

बायको ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. सीलभाऊंनी कपाटाखालचा गोळा काढून टोपलीत टाकला. आणि रविवारी सकाळी आंघोळ, देवाचं सगळं आटोपून त्यांनी कमरेला टॉवेल बांधला.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"आज मी करतो."

"तुम्ही? तुम्हाला गॅस कुठून पेटतो ते तरी माहीत आहे का?"

"तू सांग. मी करतो. तू फक्त लांब उभी राहा."

त्यांनी ऑफिसच्या कामासारखाच तो रस्सा केला. गाजराचे तुकडे फूटपट्टी लावून केले, सगळे एका मापाचे. बायको म्हणाली, "अहो, ते पोटात जाणार आहेत, कपाटात नाही." तर तिच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. कांदा लाल व्हायला लागला असं वाटताच पातेलं उचलून हवेत धरून उभे राहिले. जव धुतले, मिरी मोजून कुटली. लोणी चुरताना त्यांची बोटं इतकी हलकी चालली की बायको बघतच राहिली. लाख ओतणाऱ्याचे हात ते, त्यांना घाई माहीत नव्हती. बारा गोळे चमच्याने सोडले आणि झाकण ठेवलं. एक वाजायला वीस मिनिटं होती. गजर लावला.

बायको दारात हात मागे बांधून उभी होती.

"मी नाही हो हात लावत."

"तुझा हात मला माहीत आहे."

"आणि तुमचा?"

सीलभाऊ हसणार होते, पण हसू आलं नाही. कारण पातेल्यातून हलका बुडबुड आवाज येत होता, झाकण जरा जरा थरथरत होतं आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उघडून बघावंसं वाटत होतं. फुलले असतील का? चिकटले तर नसतील? पाणी कमी तर पडलं नाही ना? एक मिनिट झालं होतं. त्यांचा उजवा हात टॉवेलला पुसायच्या निमित्ताने वर आला आणि झाकणाच्या दिशेने निघाला. त्यांनी तो डाव्या हाताने धरला. आज त्यांना बायकोची तीस वर्षं एकदम समजली, आणि या घरात त्या झाकणापाशी विश्वासाचं असं कुणीच नाही हेही समजलं.

स्टुलावर चामडी पिशवी होती. सोमवारी सकाळी घरूनच परस्पर एका लाकडाच्या वखारीला सील लावायला जायचं होतं, म्हणून ती घरी आणली होती.

पुढचं सगळं हातांनीच केलं. सुतळी पातेल्याच्या एका कानातून घेतली, झाकणावरून फुली मारली, दुसऱ्या कानातून काढली, मूठ बांधावी तशी आवळली. लाख वाफेने वितळते, म्हणून सुतळीचं टोक हातभर लांब ओढून भाजी चिरायच्या फळीवर आणलं आणि तिथे गाठ मारली. दुसऱ्या शेगडीवर लाख पातळ केली. लाखेचा तो ओळखीचा वास आला तसा त्यांचा जीव थाऱ्यावर आला. लाल थेंब, वर शिक्का. मग सवयीने छापील फॉर्म काढला, खाली कार्बन घातला आणि उभ्या उभ्याच भरला. सील क्रमांक चार हजार एकशे सतरा. वस्तू : स्टीलचं पातेलं, झाकणासह, एक. आतील माल : आईचा गोळेरस्सा, गोळे बारा. मालाची स्थिती : उकळत. उघडण्याचा अधिकार : विभागप्रमुख. खाली सही. दुसरी प्रत जागेच्या ताबेदाराला द्यायची असते, ती त्यांनी बायकोपुढे धरली. बायको पोस्टमनने आणलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची, तशी तिने यावरही केली.

मग दोघं शांतपणे खुर्च्यांवर बसली. इतकी शांत ती दोघं स्वयंपाकघरात कधी बसली नव्हती. वास सुटला. आधी लोण्याचा, मग मिरीचा, आणि मग वाफेवर शिजणाऱ्या पिठाचा तो ऊबदार वास घरभर झाला. आतल्या खोलीत खाट करकरली. पावलांचा आवाज आला. अक्का भिंतीला धरत धरत, सहा आठवड्यांत पहिल्यांदा आपल्या पायांनी, टेबलापर्यंत आली आणि बसली. तिने चमचा उचलला.

"झालं का रे?"

त्याच वेळी गजर वाजला. बायकोने गॅस बंद केला.

"आण," अक्का म्हणाली.

सीलभाऊंनी कात्री घेतली, सुतळीपाशी नेली आणि ते तसेच थांबले.

"अहो, कापा ना."

"नाही कापता येत."

"धार गेलीय का? सुरी देऊ?"

"धारेचं नाही गं. हे लावलंय मी."

"मग?"

"मग मला नाही उघडता येत."

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं लोक मोटारीखाली आलेल्या सायकलकडे बघतात. "सरका. मी कापते."

"तू तर मुळीच नाही. तू ताबेदार आहेस. ताबेदाराने फोडलं तर गुन्हा होतो."

"मी कधी झाले ताबेदार?"

"सही केलीस की मघाशी."

"काय चाललंय रे धाकट्या?" अक्काने विचारलं.

"सील लागलंय, अक्का."

"कशाला?"

"पातेल्याला."

"कुणी लावलं?"

"मी."

अक्काने हातातला चमचा त्यांच्याकडे रोखला. "आणि तुला वेड कधी लागलं?"

सीलभाऊंनी साहेबांना फोन लावला. साहेब वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण नियमाला त्यांच्याहून पक्के. ते केशकर्तनालयात खुर्चीवर बसले होते. मागून कात्रीचा आवाज येत होता.

"साहेब, एक सील उघडायचंय. तातडीने."

"आज रविवार आहे, सीलभाऊ. कुठलं गोदाम?"

"गोदाम नाही. पातेलं आहे."

"आत काय आहे?"

"जेवण."

"कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं."

"असं काय केलं त्यांनी?" साहेबांचा आवाज गंभीर झाला.

सीलभाऊंनी सगळं सांगितलं. तिकडे कात्रीचा आवाज थांबला.

"फॉर्म भरलात?"

"भरला."

"नंबर पडला?"

"चार हजार एकशे सतरा."

"अरे देवा," साहेब म्हणाले. "मग आता तो नंबर रद्द नाही करता येत. कुणीही हात लावू नका. मी येतो. पंचवीस मिनिटं."

पंचवीस मिनिटं तशी फार नव्हेत. एखाद्या वखारीला तर ती काहीच नव्हेत. पण अक्काची भूक ही खिडकीच्या कठड्यावर येऊन बसलेल्या चिमणीसारखी होती, आणि सीलभाऊंना ती जवळजवळ दिसत होती. पहिली पाच मिनिटं अक्का चमचा धरून बसली. पुढची पाच मिनिटं तिने टेबलावर बोटाने रेघा मारल्या. मग चमचा खाली ठेवला, अगदी सरळ, टेबलाच्या कडेशी नीट लावून, इस्त्री केलेल्या शर्टाची बाही दुमडावी तसा.

"तसं मला काही फार नव्हतं," ती म्हणाली.

"अक्का, पंधरा मिनिटं. साहेब निघालेत."

"येऊ दे की. तुम्ही जेवा सगळे. मी जरा पडते." तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. उठायला लागली. हातांच्या शिरा दिसत होत्या. बायको धावून तिच्याजवळ गेली, "अक्का, बसा ना हो, बसा," आणि अक्का म्हणाली, "छान वास आला गं. खरंच छान झालंय."

छान झालंय! सीलभाऊंनी ते ऐकलं. उद्या सोमवार होता. त्यांच्या डोळ्यांसमोर ती नळी आली. जिन्यातला फळाही आला, त्यावरची दोन नावं आली आणि त्याखालची कोरी जागा आली. ती जागा खूप मोठी दिसत होती. त्यांनी डोळे मिटले. देवाला काही मागायला सवड नव्हती, तरी त्यांनी नुसतं 'बघ हं' एवढं म्हटलं. मग लाखेची गाठ मुठीत धरली आणि ओट्याच्या कडेवर आपटली.

लाख फुटल्याचा आवाज तसा लहानच असतो, बदाम फुटल्यासारखा. पण त्यांना तो सगळ्या इमारतीत ऐकू गेल्यासारखा वाटला. त्यांनी सुतळी ओढून काढली, झाकण उचललं आणि वाफेचा लोट त्यांच्या तोंडावर आला.

आत बारा गोळे होते. पांढरेशुभ्र, फुगून एकमेकांना खेटलेले, गालावर गाल टेकून निजलेल्या पोरांसारखे. कडेने रश्श्यातून अजून वाफ निघत होती. सीलभाऊंना चष्म्यावरच्या वाफेमुळे ते धड दिसलेही नाहीत. आणि बायको, जिने आयुष्यात एकही पातेलं उघडून बघायचं सोडलं नव्हतं, तिने या पातेल्याकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

अक्का उठता उठता परत बसली.

नेमकी दाराची घंटा वाजली. दारात साहेब होते, सांगितलेल्या वेळेच्या चांगले पंधरा मिनिटं आधी. डावीकडचे केस कापलेले, उजवीकडचे कानावर आलेले, मानेवर पावडर. त्यांच्या मागे वजनकाटा काखेत धरून सिस्टर. साहेबांनी ओट्याकडे बघितलं, लाखेच्या तुकड्यांकडे बघितलं.

"फोडलंत?"

"फोडलं."

"मी निघालो म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो साहेब."

"एकतीस वर्षं, सीलभाऊ!" साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी अर्ध्या केसांवरून हात फिरवला, खुर्ची ओढली आणि खिशातून पेन काढलं. "ठीक आहे. विनाहुकूम फुटलेलं सील. मग माल लगेच तपासायला लागेल. फॉर्मप्रमाणे आहे की नाही, साक्षीदारांसमोर. या दोघी चालतील?" त्यांनी सिस्टरकडे आणि अक्काकडे बोट केलं. "सुरू करा. गोळे किती?"

गोळे ताटात काढले. दोन एकमेकांना चिकटले होते. साहेब म्हणाले अकरा, सिस्टर म्हणाली, "बारा. मी प्रसूतीच्या वॉर्डात सोळा वर्षं काढलीत, जुळ्यांना दोन धरतात." बारा लिहिलं.

"आता मालाचं वर्णन." साहेबांनी फॉर्म वाचला. "आईचा गोळेरस्सा. हा आईचाच आहे कशावरून?"

"तसाच केलाय, साहेब."

"तसाच कशावरून? कुणी खाल्लाय आधी?"

आई गेली तेव्हा सीलभाऊ पाच वर्षांचे होते, त्यांना चव आठवत नव्हती. आईच्या हातचा खाल्लेलं जगात एकच माणूस उरलं होतं.

"आण इकडे," अक्का म्हणाली.

बायकोने ताट वाढलं. अक्काने आधी हात जोडले, मग चमचाभर रस्सा तोंडात घेतला. साहेब पेन धरून थांबले.

"मिरी कमी आहे."

"मिरी कमी," साहेबांनी लिहिलं. "आणि गोळा?"

अक्काने गोळ्याचा तुकडा चमच्याने मोडला. तो मोडताना आवाजसुद्धा झाला नाही. तिने तो खाल्ला. उरलेला खाल्ला. "थांबा, एकावर नाही सांगता येत. हा कडेचा होता. मधला बघायला हवा."

मधला वाढला. सिस्टरने वजनकाटा अजून काखेतच धरला होता.

"नक्की सांगा हं ताई, शेरा लिहायचाय," साहेब म्हणाले.

"मग घाई कशाला करताय? सरकारी काम आहे ना? गाजर बघू दे." तिने गाजर बघितलं. बटाटा बघितला. सलगम दोनदा बघितलं. तिसरा गोळा अर्धा रश्श्यात बुडवून बघितला आणि चौथा कोरडा. मधेच म्हणाली, "हे गाजर कुणी कापलं? जेलमधून सुटल्यासारखं सगळं एका मापाचं." बायको फसकन हसली आणि तोंडाला पदर लावून ओट्याकडे वळली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते, आणि ते सगळंच हसणं नव्हतं.

चार गोळे संपले. अक्काने चमचा चाटला. "नाही," ती म्हणाली. "आईचा नाही हा."

सीलभाऊंचा चेहरा पडला.

"आईचे कुठे एवढे हलके व्हायचे? एक चूल, सहा पोरं, तिला कुठला धीर. तिचे जरा घट्टच असायचे. हा तुझा आहे, धाकट्या. हा वेगळा आहे."

साहेब लिहिता लिहिता थांबले. त्यांनी पेनाचं टोक फॉर्मवर एका जागी ठेवलं आणि त्यांचे डोळे चमकले. "सीलभाऊ! माल वर्णनाप्रमाणे नाही. म्हणजे सील चुकीच्या वर्णनावर लागलं. चुकीच्या वर्णनावर लागलेलं सील मुळातच बाद असतं, नियम चौदा. आणि बाद सील फोडलं तर ते फोडणं होत नाही. तुम्ही काही केलेलंच नाही! शेरा नाही, काही नाही."

"सुटलात की हो!" बायको म्हणाली.

सीलभाऊ टॉवेलाला हात पुसत उभे होते. फळ्यावरची कोरी जागा परत त्यांच्यासमोर आली, अगदी हात लांब करून घ्यावी इतकी जवळ. त्यांनी लाखेचे तुकडे गोळा केले, एका वाटीत टाकले.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "मी फोडलं तेव्हा ते माझ्या लेखी खरं होतं. खोटं आहे म्हणून नाही फोडलं. शेरा लिहा."

"अहो, पण नियमच सोडतोय तुम्हाला."

"नियम सोडतोय. पण फोडलंय मी. लिहा तुम्ही."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. बायको पुढे झाली आणि तिने 'लिहा' म्हणून मान हलवली. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि फॉर्म उलटा केला. "सील क्रमांक चार हजार एकशे सतरा, कर्मचाऱ्याने विनाहुकूम स्वतः फोडले. कारण?" त्यांनी वर बघितलं. "कारणाच्या रकान्यात काय लिहू? एकच ओळ आहे."

तेवढ्यात सिस्टरने अक्काला काट्यावर उभं केलं होतं. "एकोणचाळीस आठशे," ती म्हणाली. "पण हे काही वजन नव्हे हो, हे नुसते गोळे आहेत."

"मग ते कुणाच्या पोटात आहेत?" अक्काने विचारलं.

सिस्टर हसायला लागली. "डॉक्टरांना आजच फोन करते. म्हणते, उद्या खाट नको, आणखी आठवडाभर बघू."

"सीलभाऊ, कारण," साहेब म्हणाले.

सीलभाऊंनी विचार केला. एका ओळीत मावेल असं बरंच काही सुचलं, मानवतेच्या दृष्टीने, वैद्यकीय तातडी, कौटुंबिक अडचण. सगळे शब्द त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या फॉर्मांवर वाचले होते.

"लिहा, बहिणीला भूक लागली होती."

"एवढंच?"

"एवढंच."

साहेबांनी लिहिलं. सीलभाऊंनी खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठले. उरलेले अर्धे केस त्यांची वाट बघत होते.

"बसा हो," अक्का काट्यावरून उतरत म्हणाली. "अर्ध्या डोक्याने कुठे निघालात? आठ गोळे आहेत अजून. तुम्ही दोन घ्या, सिस्टरला दोन, या दोघांना एक एक."

"आणि उरलेले दोन?" सीलभाऊंनी विचारलं.

अक्का टेबलाशी बसली होती आणि तिने ताट स्वतःकडे ओढून घेतलं होतं.